पावसात कॅमेरा बाहेर काढायचा कसा: बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

मिरग लागला की ओळखीतली दोन-चार पोरं दरवर्षी सांगतातच, दादा कॅमेरा घेतलाय पण पाऊस पडालाय, आता दसऱ्यानंतरच बाहेर काढतो. मला ते ऐकून खरंच वाईट वाटतं. दसऱ्यापर्यंत बेळगावच्या पश्चिमेला बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं संपलेलं असतं की, ओढे बारीक होतात, बेडूक गप्प बसतात, सड्यावरची, म्हणजे उघड्या दगडी पठारावरची, फुलं वाळून जातात आणि मग आपण वाळक्या गवताचे फोटो काढत बसतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. मोबाईल असो नाहीतर कॅमेरा, दोन्हीवाल्यांना उपयोगी पडेल असं.

आधी आपल्या भागाचं एक समजून घ्या. आंबोलीला वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कणकुंबीकडेही हजारो मिलिमीटर, बेळगाव शहरात १२००-१३००, आणि तिथून पुढं गोकाक-अथणीकडे गेलं की एकदम कोरडं. म्हणजे तास-दीड तास गाडी मारली की हवामान बदलतं. खानापुरात झोडपत असेल तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर नुसती भुरभुर असते, आणि तिथंही काहीच दिसत नसेल तर पूर्वेकडं निघायचं, तिकडं ढगांतनं ऊन पडलेलं सापडतं. पावसामुळं दिवस वाया गेला असं इथं क्वचितच होतं, गाडी कुठं वळवायची तेवढं कळलं पाहिजे.

पहिलं काम: एकच जागा धरा

नवीन माणूस काय करतो, पहिल्याच रविवारी जांबोटी, चोर्ला, आंबोली, तिलारी सगळं एका दिवसात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि त्या दोन वर्षांतला एकसुद्धा फोटो आज मी कुणाला दाखवत नाही. घरापासून तासाभरात पोचता येईल अशी एक जागा निवडा आणि जून ते ऑक्टोबर तिथंच जा, किमान आठ-दहा वेळा. माझी जागा जांबोटीच्या रस्त्याकडची एक साधी ओढ्याची वळण आहे, त्याला नाव नाही, कुणी थांबतही नाही. पण तिथं जूनमध्ये कुठला दगड पाण्याबाहेर असतो, जुलैत कुठल्या फांदीवर बेडकाचं फेसाचं घरटं लटकतं, सकाळी साडेआठला धुकं कुठून वर येतं हे मला आता पाठ आहे. फोटो चांगला यायला नशीब लागतं म्हणतात, खरं आहे, पण ओळखीच्या जागेवर ते जरा लवकर भेटतं.

शहरातल्यांसाठी राकसकोपचा परिसर चांगला, मार्कंडेय नदीवरचा तो जलाशय आणि त्यामागं वैजनाथाचा डोंगर, धुक्यासाठी एकदम सोयीचं. अनगोळ-वडगाव-येळ्ळूरची भातशेती तर दारातच आहे. खानापूरवाल्यांना असोगा आहे, मलप्रभेच्या काठावर. हब्बनहट्टीला मलप्रभा चढली की मारुतीचं देऊळ पाण्याखाली जातं, ते वरून सुरक्षित जागेवरून बघावं. हीच मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावते, तिथं तिची एवढीशी धार बघितलेली असली की असोग्याला तिचं लाल फुगलेलं पाणी बघताना वेगळंच वाटतं, आणि मग तुम्ही आपोआप एकाच नदीची गोष्ट फोटोत सांगायला लागता.

दुसरं: कॅमेरा कोरडा ठेवायचा, आणि याला फार पैसे लागत नाहीत

पाऊस कॅमेऱ्यात शिरतो तो बहुतेक वेळा वरून नाही, लेन्स बदलताना, बॅटरीचं झाकण उघडताना आणि ओल्या हातांमुळं शिरतो. म्हणून घरातूनच एक लेन्स लावून निघा, नवी बॅटरी, रिकामं कार्ड, आणि बाहेर काहीही उघडायचं नाही. कव्हर म्हणून जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, तळाला लेन्सच्या मापाचं भोक पाडा, लेन्स हूडवर (लेन्सच्या पुढं लावतात ती गोल कड) रबर बँडने घट्ट बसवा, मागच्या तोंडातून हात घाला. बाजारात रेनकव्हर मिळतात ते चांगलेच आहेत पण पहिल्या वर्षी ही पिशवी पुरते. हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप पण खिशात ठेवा, गाडीतून झाडापर्यंत जायला मस्त. हूड उन्हासाठी असतं असं सगळे समजतात, पावसात ते थेंबांसाठी लावायचं, लेन्स थोडी खाली झुकवून धरली की काच बराच वेळ कोरडी राहते.

मायक्रोफायबरची फडकी एक-दोन नको, पाच-सहा घ्या आणि वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा, कारण पहिलं फडकं पंधरा मिनिटांत ओलंचिंब होतं आणि ओल्या फडक्याने काच पुसली की नुसते फराटे येतात. छत्री घाटात वाऱ्यानं उलटी होते, पण शेताच्या बांधावर किंवा जंगलात आतल्या बाजूला छत्री म्हणजे सोनं, सोबत कुणी धरायला असेल तर बघायलाच नको. स्वतःसाठी रेनकोट, आणि डोक्यावर टोपी, पुढं पट्टी असलेली, म्हणजे डोळ्यात आणि व्ह्यूफाइंडरवर पाणी येत नाही.

आता एक असं जे कुणी सांगत नाही. गाडीत एसी लावू नका. मी एकदा बेळगावातून चोर्ल्यापर्यंत एसी लावून गेलो, घाटात उतरलो, समोर धुक्यातून ऊन फुटलेलं, कॅमेरा वर केला तर लेन्सवर दाट वाफ, पुसली की परत, पुसली की परत, वीस मिनिटं गेली आणि ते ऊन काय माझ्यासाठी थांबलं नाही. थंड काचेला दमट गरम हवा लागली की पाणी जमणारच. काचा थोड्या खाली करून जा, नाहीतर पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा आणि कॅमेरा बॅगेतच बंद राहू दे, बाहेरच्या हवेइतका झाला की मग काढा.

मोबाईलवाल्यांनो, तुमच्या फोनवर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेलं असेल, आयपी ६७ चा अर्थ १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही नव्या फोनला कारखान्याच्या चाचणीत. फोन एकदा पडलेला असेल, काच बदललेली असेल तर त्यावर विसंबू नका. ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा. आणि चार्जिंगच्या भोकात ओल असताना चार्जर अजिबात लावायचा नाही.

तिसरं: उजेड

ढगाळ दिवस म्हणजे वाईट उजेड ही समजूत आधी काढून टाका. जंगलात कडक उन्हात काळे-पांढरे ठिपके पडतात, काही धड दिसत नाही, उलट ढग असले की सगळीकडे सारखा मऊ उजेड, पानाचा हिरवा हिरवाच येतो. फक्त आकाश फ्रेममध्ये घेऊ नका, ते नुसतं पांढरं येतं आणि नजर तिकडंच जाते. कॅमेरा खाली वळवा.

उजेड कमी असतो म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, वाढवायला घाबरू नका, १६०० काय ३२०० काय, थोडे दाणे आले तरी चालतंय, हललेला फोटो चालत नाही. हातात धरून काढताना शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) लेन्सच्या फोकल लेंथइतका, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याइतका तरी ठेवा, म्हणजे २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद, ही जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढायची सोय असेल तर रॉमध्येच काढा, पावसाळ्यातला निळसर रंग नंतर सोप्पा दुरुस्त होतो.

धुकं असलं की कॅमेरा फसतो, त्याला वाटतं एवढं पांढरं म्हणजे उजेड जास्त, मग तो फोटो काळपट करतो आणि धुकं राखेसारखं दिसतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड आपल्या हातानं कमी-जास्त करायची सोय, +०.७ ते +१ करा. धबधब्याला याच्या उलट, आजूबाजूला काळे ओले दगड आणि मध्ये पांढरं पाणी, कॅमेरा दगड बघून उजेड वाढवतो आणि पाणी जळतं, म्हणजे नुसतं पांढरंफेक येतं, तिथं -०.७ करा. मोबाईलवर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली ओढा, तेच काम होतं. धुक्यात ऑटोफोकस मागं-पुढं करत बसतो, तेव्हा झाडाच्या खोडाची काळी कड पकडा, तिथं लगेच बसतो.

पाऊस पडालाय हे फोटोत दिसायला पाहिजे असेल तर मागं काळपट काहीतरी हवं, दाट झाडी, कौलारू घराची सावली, म्हशीचं अंगसुद्धा चालेल. पांढऱ्या आकाशापुढं पाऊस दिसतच नाही. शटर १/६० च्या आसपास ठेवलं की धारा येतात, १/५०० ला थेंब थांबतात. माझं मत विचाराल तर धाराच बऱ्या, आपल्याकडचा पाऊस तसाच असतो.

ओढ्याचं पाणी दुधासारखं करायचं असेल तर १/४ ते १ सेकंद, ट्रायपॉड लागतो, नसला तर दगडावर पिशवीत माती भरून त्यावर कॅमेरा ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. जुलैतल्या लाल पुराला मात्र हे करू नका, ते मग बासुंदीसारखं दिसतं, त्याचा जोर जातो, तिथं १/१००० ठेवून लाटा उभ्या पकडा. आणि एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या, सीपीएल म्हणतात तो. ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते ती फिरवता फिरवता निघून जाते आणि खालचा खरा हिरवा दिसतो, पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. हा फिल्टर उजेड बराच खातो, तेवढं लक्षात ठेवा.

चौथं: कधी काय

मृगात, म्हणजे ७-८ जूनपासून, सगळा खेळ बेडकांचा. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर संध्याकाळी सातला ओढ्याकाठी उभं राहा आणि आधी नुसतं ऐका. आवाजावरून जागा काढायची, हळू जायचं, गप्प झाला की आपणही पुतळ्यासारखं थांबायचं, पाच मिनिटांत परत सुरू होतो. मलबारी उडता बेडूक हिरवागार असतो, बोटांमधले पडदे लालसर, पाण्यावर वाकलेल्या फांदीला तो फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं त्यातून खाली पाण्यात पडतात. फोटो काढून झाला की लगेच निघा, टॉर्च तोंडावर मारून धरू नका, टॉर्चला पातळ पांढरं कापड गुंडाळा आणि बाजूने उजेड द्या. रात्री येता-जाता गाडी सावकाश चालवा, रस्त्यावर बेडूक आणि टोड (खडबडीत अंगाचे बेडूकच) चिरडून मरतात ते बघवत नाही. आंबोलीचा टोड तर जगात त्या छोट्या पट्ट्यातच आहे, नष्ट व्हायच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत त्याची गणना होते, आणि आपण तिथं भजी खायला जाताना त्याच्या अंगावरून गाडी नेतो.

पुनर्वसू-पुष्य, म्हणजे तरणा आणि म्हातारा पाऊस, जुलैभर. हे पाण्याचे आणि धुक्याचे दिवस, घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही. याच दिवसांत शेतात रोप लावणी असते. मी सांगेन, घाटात गर्दी करण्यापेक्षा येळ्ळूर-वडगावच्या बांधावर जा, बेळगाव बासमतीचं नाव ज्या चिखलामुळं झालं तो चिखल बघा, बायकांच्या ओळी, बगळे, नांगर नाहीतर पॉवर टिलर. पण आधी विचारा. "मावशी, फोटो काढू काय?" एवढंच. पूर्वेकडच्या गावात असाल तर "अक्का, फोटो तेगीबहुदा?" म्हणा, मोडकंतोडकं कन्नड ऐकून माणसं हसतात आणि मोकळी होतात. नको म्हटलं तर नको. आणि काढलात तर पुढच्या खेपेला एक प्रिंट नेऊन द्या. मी एका मावशींना चिखलातल्या फोटोची प्रिंट दिली, त्यांनी ती घरात देवाशेजारी लावली, आता त्या बांधावर मला चहा घेतल्याशिवाय कुणी सोडत नाही.

गोकाकचा धबधबा याच सुमारास बघण्यासारखा होतो, घटप्रभा साधारण ५२ मीटर खाली उडी मारते. तिथं पाऊस नसला तरी पाणी असतं, कारण ते पाणी वरच्या घाटमाथ्याकडचं, मध्ये हिडकलचं धरण, तिथून पाणी सोडलं की धबधबा एकदम बदलतो. म्हणून गोकाकला जायचं की नाही हे गोकाकचं हवामान बघून ठरवू नका, धरणाच्या बातम्या बघा. पाणी मातकट लाल असतं, त्याला मुद्दाम निळं-पांढरं करू नका, घटप्रभेचा पावसाळ्यातला रंगच तो आहे.

ऑगस्टच्या मध्यापासून ऊन-पाऊस सुरू होतो आणि कणकुंबी-चोर्ल्याकडचे जांभ्या दगडाचे सडे फुलतात. मला वर्षातले हे दिवस सगळ्यात आवडतात. तेरडा, सोनकी तर लांबूनही दिसतात, पण खरी गंमत गुडघ्यावर बसल्यावर. सीतेची आसवं म्हणतात ती निळी-जांभळी बारीक फुलं, इतकी नाजूक दिसतात आणि खाली मुळाशी बारीक फुग्यांत किडे पकडून खातात, तसंच दवबिंदू, त्याच्या पानावर चिकट थेंब असतात, किडा बसला की संपला. जांभ्यावर माती पातळ, पोषण कमी, म्हणून या झाडांनी ही वाट काढलीय. पालथं झोपा, खाली प्लास्टिक टाका, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ ८ च्या आसपास. वारा असतोच, शटर १/२५० च्या वर ठेवा आणि वारा पडायची वाट बघा. पाय मात्र उघड्या दगडावरच ठेवा, फुलांच्या गालिच्यात शिरून सेल्फी काढणाऱ्यांमुळं एक-एक पट्टा कायमचा जातो.

साप, अभयारण्य आणि बाकी

मलबार चापडा हा साप ओढ्याकाठच्या झुडपावर कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळसर, असा बसलेला असतो, बरेचदा त्याच जागेवर कित्येक दिवस. विषारी आहे. लांबूनच, झूमने काढा, आणि मागचं दृश्य चांगलं यावं म्हणून काठीने त्याला हलवणारे जे कुणी असतात त्यांच्यासोबत परत जाऊ नका. त्याची नेमकी जागा कुणाला पाठवायची नाही, फोटोतलं लोकेशन बंद ठेवा. फांदीला हात लावायच्या आधी बघा, बसायच्या आधी बघा.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, तिथल्या बारापेडे गुहांत देशात फार थोड्या ठिकाणी सापडणारं रॉटनचं वटवाघूळ राहतं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, गुहेत तर फ्लॅश घेऊन नाहीच नाही. अस्वल, गवे आहेत, एकट्यानं फिरायची जागा नव्हे. पावसाळ्यात खानापूरकडच्या धबधब्यांवर बंदीही घालतात, निघायच्या आधी चौकशी करा. दूधसागरला रुळावरून चालत जाणं गुन्हा आहे, बेळगाव-लोंढा-कॅसलरॉक मार्गे गोव्याकडं जाणाऱ्या गाडीतनंच तो बघा, दाराशी न लटकता, खिडकीतनं, शटर १/१००० ठेवून.

जळवांची भीती नको, पण मोज्यात पँट खोवा, सोबत थोडं मीठ नाहीतर तंबाखूचं पाणी ठेवा. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहत यायला लागली की बॅग उचला आणि वर चढा, फोटो पूर्ण करत बसू नका. वर कुठंतरी ढग फुटलेला असतो आणि आपल्या डोक्यावर ऊन असतं, माणसं अशीच जातात.

कधी घाट उतरून वेंगुर्ल्याकडं समुद्रावर गेलात तर भरतीची वेळ आधी काढा. जुन्या माणसांचा हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट, अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज आहे, पक्की वेळ तक्त्यात बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खडकावर जायचं नाही, समुद्राकडं पाठ करून ट्रायपॉड लावायचा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, त्या ओळी काढा, फार छान दिसतात. परत आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, खारं पाणी सुकलं की आतून खातं.

घरी आल्यावर

थकून येतो आणि बॅग तशीच कोपऱ्यात टाकतो, तिथंच नुकसान होतं. माझ्या एका लेन्सला असाच जाळ्यासारखा बुरा आला, दोन महिने ती ओल्या बॅगेत राहिली होती, दुरुस्तीला दिली, साफ झाली पण काचेवरचा लेप कायमचा गेला. कॅमेरा, पट्टा, बॅग सगळं वेगळं काढून पंख्याखाली रात्रभर ठेवा, नंतर हवाबंद डब्यात. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, आकडा ४० ते ५० टक्के राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की बुरशीला आमंत्रण. निळं सिलिका ओल शोषून गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करा, परत निळं होतं, पण तो तवा मग स्वयंपाकाला घेऊ नका. तांदळात कॅमेरा पुरायचा उपाय सांगतात तो करू नका, तांदळाची पूड बटणांत जाते.

फोटो त्याच रात्री उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. फोल्डरला तारखेबरोबर नक्षत्राचं नाव द्या, मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं हस्तापर्यंत. दुसऱ्या वर्षी त्याच ओढ्यावर जायच्या आधी ते फोल्डर उघडून बघता येतं, गेल्या आर्द्रात पाणी कुठपर्यंत होतं, घरटं कुठल्या फांदीला होतं, कुठला फोटो हलला होता, आणि मग तिथूनच पुढं काढायला सुरुवात करायची.